चपला दारातच का? सोलापूरच्या घरांतले नेहमीचे प्रश्न

घरात बाहेरच्या चपला घालाव्यात का, हा प्रश्न सोलापुरात सहसा कुणी विचारत नाही. चपला दारात निघतात, विषय संपला. डोकं खातात ते त्यापुढचे प्रश्न. शुगर असलेल्या वडिलांना डॉक्टरांनी अनवाणी फिरू नका म्हणून बजावलंय आणि आई घरात चप्पल घालू देत नाही, मग कुणाचं ऐकायचं? सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला बूट काढायला लावायचे का? पॅसेजमधल्या रॅकवरून समोरच्या बिऱ्हाडाशी वाजलं तर? असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं काही ठिकाणी लांबली आहेत, कारण मामला तिथेच अडतो.

थेट सांगा. बाहेरच्या चपला-बूट घरात चालतील का?

नाही. बाहेरचं पादत्राण दाराशीच काढायचं, ते घालून घरात यायचं नाही. पण म्हणून घरात सगळ्यांनी अनवाणीच राहायचं असं नाही, आणि दारात येणाऱ्या प्रत्येकाला बंद सोडायला वाकायला लावायचं असंही नाही. बाहेरची चप्पल बाहेर आणि गरज असेल त्याला घरातली वेगळी चप्पल, एवढं धरून चाललं की निम्मे वाद मिटतात.

परदेशात लोक बूट घालून घरभर फिरतात. त्यांना काही होत नाही?

सगळ्या परदेशात फिरत नाहीत. जपानी घरात दाराशी एक पायरी खालची जागा असते, तिला गेनकान म्हणतात. बूट तिथेच निघतात आणि घरातल्या सपाता पायात जातात. कोरियात बूट काढतात, तुर्कस्तानात काढतात, स्वीडन-नॉर्वेतही काढतात. अमेरिकेत घरोघर वेगळी तऱ्हा. तेव्हा ही फक्त आपली जुनी खोड नव्हे.

आपल्याकडे मात्र कारण आणखी पक्कं आहे. जिथे सगळा व्यवहार खुर्ची, टेबल आणि पलंगावर चालतो तिथे जमिनीशी संबंध येतो तो तळव्यांचाच. सोलापुरी घरात फरशी म्हणजे नुसती चालायची जागा नाही. ज्वारी फरशीवर निवडली जाते. पंगत फरशीवर बसते. एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकला की गादी गुंडाळून निम्मं घर दुपारी शहाबादीवर आडवं होतं, कारण कूलरपेक्षा दगड गार. विडी वळणाऱ्या बाईचं तर कामाचं ठिकाणच फरशी: मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी भिजवून कापलेली पानं, दिवसभर तीच बैठक. शहराच्या पूर्व भागात अजून अशी घरं आहेत की खाली माग खडखडतात आणि वर माणसं राहतात. तिथे सुताचं बाचकंही जमिनीवरच टेकवलेलं असतं. ज्या जागेवर आपण जेवतो, झोपतो आणि पोट भरतो, तिथे रस्त्यावरची चप्पल आणणं म्हणजे ताटात पाय ठेवणंच.

चपलेच्या तळाला नेमकं चिकटून काय येतं?

नुसती धूळ असती तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. शेण, कुत्र्याची घाण, गुटख्या-माव्याची पिंक, गटार तुंबून रस्त्यावर आलेलं पाणी, गॅरेजसमोरचं ऑइल, बांधकामाची वाळू. भाजी घ्यायला मंडईत जाऊन या आणि परत आल्यावर चप्पल उलटी करून बघा, जास्त सांगावं लागणार नाही.

यात जंतू किती, हे अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ चार्ल्स गर्बा यांनी २००८ साली तपासलं होतं. विष्ठेशी संबंध असलेले जिवाणू जवळजवळ सगळ्या बुटांच्या तळावर सापडले आणि बूट घालून स्वच्छ टाइल्सवर चाललं की त्यातले बरेचसे टाइल्सवर उतरतात, असं दिसलं. मात्र त्या तपासणीचा खर्च एका बूट कंपनीने केला होता आणि बूटही थोडेच होते, हे लक्षात ठेवून तो निष्कर्ष वाचावा. व्हॉट्सअ‍ॅपवर तो फिरतो तेव्हा हा भाग गाळलेला असतो.

जंतूंपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती शिशाची. पेट्रोलमधलं शिसं देशभर बंद झालं ते २००० साली. घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा लागू झाली २०१७ मध्ये. पण शिसं कुजत नाही, उडून जात नाही. जुन्या रस्त्याकडेच्या मातीत आणि जुन्या रंगाच्या पोपड्यांत ते राहतं आणि धुळीबरोबर तळव्याला लागून घरात येतं. फिनेलने जंतू मरतात, शिसं मरत नाही. ते घरात येऊच न देणं हाच त्यावर स्वस्त उपाय.

म्हणजे चपलांमुळे घरात आजार येतात?

इतकं सरळ गणित नाही. धडधाकट मोठ्या माणसाला केवळ घरात चप्पल घातली म्हणून काही होईल, ही शक्यता कमी. टीबी चपलेवरून येत नाही, तो हवेतून पसरतो. टीबीच्या पेशंटची चप्पल वेगळी ठेवायची काही गरज नाही. खोलीच्या खिडक्या उघडा, पेशंटला मास्क द्या, गोळ्या वेळेवर द्या. करोनाच्या काळात लोकांनी चपला सॅनिटायझरने धुतल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने तेव्हाच सांगितलं होतं की बुटांवरून लागण होण्याची शक्यता फार कमी आहे, पण जिथे लहान मुलं जमिनीवर खेळतात तिथे बूट दाराशी काढावेत.

म्हणून कुणी चुकून चप्पल घालून दोन पावलं आत आलं तर घर बाटलं अशा थाटात ओरडू नये. फडकं फिरवा, विषय सोडा.

रांगतं बाळ आहे. जास्त कडक राहावं का?

हो, इथे राहावं. बाळाचा हात फरशीवरून थेट तोंडात जातो, आणि दिवसातून किती वेळा जातो ते त्याची आईच जाणे. शिसं वाढत्या मेंदूला घातक असतं आणि लहान मुलाच्या अंगात ते मोठ्यांच्या मानाने जास्त शोषलं जातं. बाळ रांगायला लागल्यापासून चांगलं चालू लागेपर्यंत पाहुणे असोत, कामवाले असोत, बाळ खेळतं ती एक खोली सगळ्यांना चपलेसकट बंद. जुन्या वाड्यात राहत असाल तर खिडकी-दाराचे रंगाचे पोपडे कोरडे झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

रोज फरशी पुसतो की! मग चप्पल घातली तर काय बिघडलं?

रोज पुसायला पाणी आहे का, ते आधी बघा. उजनी धरण भरलं तरी आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. मधले दिवस ज्याने पिंप, हंडे, कळश्या भरून ठेवून काढले आहेत, त्याला एका बादलीची किंमत सांगायला नको. बाहेरची माती दारात थांबली तर घर एक दिवसाआड पुसलं तरी भागतं. आत आली तर एकाच दिवसात दोनदा पुसावं लागतं आणि बादलीतलं पाणी पहिल्याच खोलीत काळं होतं.

शिवाय फरशीचं नुकसान वेगळंच. शहाबादी हा चुनखडीचा दगड. आपल्या रेल्वेमार्गावरच्या शहाबादच्या परिसरातला, म्हणून सोलापुरात घरोघरी. वाळूचा कण त्याच्यापेक्षा कितीतरी कठीण. तळव्याला वाळू चिकटवून वर्षानुवर्षं चाललं की दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक फिकट, ओरखड्यांचा पट्टा उमटतो. जुन्या घरात तो बघून येण्याजाण्याची वाट ओळखता येते.

वडिलांना शुगर आहे. डॉक्टर म्हणतात घरातही चप्पल घाला, आई म्हणते घरात चप्पल चालणार नाही. काय करायचं?

डॉक्टरांचं ऐका. आणि आईचंही मोडू नका, ते जमतं.

शुगर जुनी झाली की पायाच्या नसा बधिर होतात. टाचणी रुतली, खडा टोचला, गरम फरशीवर पाय भाजला, तरी कळत नाही. जखम दिसते ती चार दिवसांनी, मोज्याला डाग पडल्यावर. मग ती भरत नाही, चिघळते, आणि काही जणांच्या बाबतीत बोट किंवा पाय कापण्यापर्यंत गोष्ट जाते. म्हणूनच मधुमेही पायाच्या काळजीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की ज्यांना धोका आहे त्यांनी घरात असो वा बाहेर, अनवाणी चालू नये, नुसते मोजे घालून चालू नये, पातळ तळाच्या सपाताही घालू नयेत.

तोडगा साधा आहे. घरातली चप्पल वेगळी घ्यायची आणि ती उंबऱ्याबाहेर कधीच न्यायची नाही. एमसीआर चप्पल म्हणून मिळते, आत मऊ रबराचा थर असतो. मागे पट्टा असलेली घ्या, म्हणजे बधिर पायातून निसटत नाही. नुसत्या अंगठ्याची नको. रंग बाहेरच्या चपलेपेक्षा अगदी वेगळा घ्या. घरातल्या लहानांनाही मग आजोबांची आतली चप्पल कुठली ते लगेच कळतं आणि कुणी ती घालून कोपऱ्यावर दूध आणायला जात नाही. घालण्याआधी आत हात फिरवून खडा-बिडा बघायचा, रात्री झोपताना तळवे आरशात बघायचे. नजर अधू असेल तर घरातल्या कुणीतरी बघायचे.

आईची अडचण बहुतेक देवघराची असते. तिथे दारात चप्पल काढून खुर्चीवर बसून पूजा करता येते, खाली जाड सतरंजी टाकता येते. आजवर कुठल्या देवाने या कारणासाठी कुणावर राग धरल्याचं ऐकलेलं नाही. आणि बोलणी देवाची पडत नाहीत, ती नात्यातल्यांचीच पडतात.

माझी टाच सकाळी उठल्या उठल्या दुखते. ओट्यापाशी चप्पल घालू का?

खुशाल घाला. दिवसभर कडक फरशीवर उभं राहणाऱ्या बायकांची ही कायमची तक्रार आहे आणि मऊ तळाच्या घरातल्या चपलेने बऱ्याच जणींना आराम पडतो. महिन्या-दीड महिन्यात फरक नाही पडला तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. सासूबाई कुरकुरल्या तर त्यांनाही एक जोड आणा. त्यांच्याही टाचा दुखत असतात, त्या बोलून दाखवत नाहीत इतकंच.

संडास-बाथरूमची चप्पल वेगळी हवी का?

हवी. ती बाहेरही नको आणि घरातही नको, तिथल्या तिथेच. तळाला नक्षी असलेली घ्या. गुळगुळीत झालेली स्लिपर म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याशी खेळ आहे.

नवरात्रात नऊ दिवस अनवाणी असतो. कोजागिरीला तुळजापूरलाही चालत जातो. मग घरात येताना?

मग पाय धुवायचे, दुसरं काय. चप्पल नाही म्हटल्यावर रस्त्यावरचं सगळं तळव्याला लागलेलं असतं. पूर्वी दारात पाण्याचा तांब्या-बादली ठेवायचे ते याचसाठी. ज्या घराला ढेळज किंवा अंगण आहे त्यांनी आजही एक बादली आणि मग ठेवावा. फ्लॅटवाल्यांनी दारापासून बाथरूमपर्यंत जुनं पोतं टाकावं आणि सरळ मोरी गाठावी.

नुसते धुऊन भागत नाही, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. कोजागिरीच्या वाटेवर सोलापूर-तुळजापूर रस्त्याने लाखो पावलं चालतात. फोड येतात, काच लागते, खिळा लागतो. खिळा खोल लागला असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवा आणि दवाखान्यात जा. शुगरवाल्यांनी हा नेम करू नये असं माझं स्पष्ट मत. ऑक्टोबरच्या दुपारी डांबरी रस्ता असा तापतो की बधिर तळवा भाजून निघेपर्यंत कळत नाही. आईच्या पायाशी जायला एसटी आहे.

पाहुण्यांना चपला काढा म्हणून कसं सांगायचं?

मित्राला ‘बे, बूट काढ की’ म्हणता येतं. व्याह्यांना कसं म्हणणार?

बहुतेक वेळा म्हणावं लागतच नाही. दाराशी चार जोड नीट मांडलेले दिसले की पाहुणा आपणहून थांबतो. मराठी असो, तेलुगू असो, कन्नड असो, सोलापुरात ही खूण सगळ्यांना कळते. अडतं ते ‘काढू का?’ या प्रश्नावर. पाहुणा विचारतो, यजमान म्हणतो ‘असू द्या, असू द्या हो’, आणि त्याच्या मनात असतं की हा काढेल. पाहुणा मात्र काही वेळा शब्द खरा धरतो! नको असेल तर ‘असू द्या’ म्हणू नका. ‘हां, इथं काढा, या, बसा’ असं म्हणून हाताने जागा दाखवा, कुणालाही वाईट वाटत नाही. तुम्ही पाहुणे असाल तर यजमानाच्या तोंडाकडे बघू नका, पायांकडे बघा. तो अनवाणी असेल तर तुम्हीही काढा.

वयस्कर पाहुण्यांसाठी दाराशी एक स्टूल ठेवा. भिंतीला हात टेकून एका पायावर उभं राहून बूट ओढणारे काका बघवत नाहीत, आणि त्यात कुणी पडलं तर सगळी स्वच्छता महागात पडते. गुडघे गेलेल्या माणसाला तर सरळ आत घ्यावं. फरशी पुसता येते.

सिलिंडरवाला, वायरमन, प्लंबर यांनीही काढायचे का?

सिलिंडरवाल्याला लावू नका. आत १४.२ किलो गॅस आणि वर लोखंडाचं वजन, म्हणजे भरलेलं सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातं. ते खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर आलेल्या माणसाला बूट काढ म्हणणं बरं नाही. पायावर पडलं तर अनवाणी पायाचं काय होईल? वायरमनच्या पायात तर रबरी तळ असलाच पाहिजे, विजेच्या कामात तेच त्याचं संरक्षण. त्याने आपणहून काढली तरी ‘घालून करा’ म्हणून सांगा. प्लंबरचं पाण्यात काम, तिथेही तेच.

यांच्यासाठी दारापासून कामाच्या जागेपर्यंत जुनी चादर अंथरा. काम झालं की गुंडाळून बाहेर झटकायची. आणि आलेल्याला आधी पाणी विचारा.

घरकामाला येणाऱ्या मावशींच्या चपला कुठे ठेवायच्या?

जिथे तुमच्या ठेवता तिथेच.

हा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात, म्हणून उत्तर मोठ्याने देतो. घरच्यांच्या चपला रॅकमध्ये सावलीला आणि मावशींच्या जिन्याच्या खाली उन्हात, हे बऱ्याच घरांत दिसतं. आपल्या महाराष्ट्रात एके काळी विशिष्ट जातींच्या माणसांना वरच्या आळीतून जाताना चपला हातात घेऊन चालावं लागायचं. कुणाच्या पायात चप्पल आणि कुणाच्या नाही, यावर माणसाची पायरी ठरवण्याचा इतिहास आपल्याला आहे. त्यामुळे ‘चपला बाहेर’ हा नियम स्वच्छतेचा आहे की आणखी कशाचा, हे बघायचं असेल तर तो सगळ्यांना सारखा लागू आहे का ते बघा. साहेब आले की ‘असू द्या सर’ आणि कचरा न्यायला येणारा दादा पायरीवर आला तरी कपाळाला आठी, असं असेल तर त्याला स्वच्छता म्हणता येत नाही. साहेबांच्या बुटालाही तोच रस्ता लागलेला असतो.

भर उन्हाळ्यात मावशी दुपारी दीडला काम उरकून बाहेर येतात तेव्हा उन्हातल्या रबरी चपलेत पाय घालवत नाही. पाच मिनिटं हातात चप्पल धरून त्या सावलीत उभ्या राहतात. रॅकमध्ये एक कप्पा त्यांचा ठेवला की झालं. आणि फरशी पुसताना, भांडी घासताना पाय सतत ओले, म्हणून त्यांनाही एक आतली रबरी चप्पल द्या.

चपला दाराच्या बाहेर ठेवाव्यात की आत?

बाहेर ठेवल्या तर कुत्री नेतात. एकच नेतात, जोडी कधी नेत नाहीत, त्यामुळे राहिलेल्या एकीचं काय करायचं हा वेगळाच प्रश्न. नव्या कोऱ्या स्पोर्ट्‌स शूजना दोन पायांचेही गिऱ्हाईक असतात. उन्हात सोल सुटतो, पावसात चामडं फुगतं. म्हणून दाराच्या लगेच आत, पण उंबऱ्यापासून दोन-अडीच फुटांतच, जाळीचा उघडा रॅक सगळ्यात बरा. बंद कपाटात ओल आणि वास कोंडतो. रोज न लागणारे बूट वर, रोजच्या चपला खाली, अशी मांडणी करा.

बैठं घर असेल, आजूबाजूला दगड-मातीचे ढीग असतील, तर बूट घालण्याआधी उलटे करून आपटायचे. विंचू बुटात शिरतो, विशेषतः पहिला पाऊस पडल्यावर. गावाकडे ही सवय अंगात मुरलेली असते, जुळे सोलापूरच्या नव्या कॉलन्यांत राहायला आलेल्यांना लावून घ्यावी लागते.

आमच्या अपार्टमेंटमध्ये पॅसेजमधल्या रॅकवरून भांडणं होतात. नियम काय?

पॅसेज आणि जिना सगळ्या सभासदांचा असतो, तुमच्या दारासमोर आहे म्हणून तुमचा होत नाही. त्यात आगीच्या वेळी तीच पळायची वाट. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे, त्यामुळे सुटकेच्या वाटा मोकळ्या ठेवणं ही नुसती शेजारधर्माची बाब नाही. धुरात, अंधारात, चार कुटुंबं एकदम जिन्याकडे धावताना चपलांच्या ढिगात पाय अडकला तर काय होईल, याचा विचार करा.

सोसायटीत बोलणी करायची असतील तर ‘तुमच्या चपलांचा वास येतो’ इथून सुरुवात करू नका. भिंतीला लागून असलेला, सहा-सात इंच खोलीचा, खाली ओढून उघडणारा रॅक चालेल का, असं सभेत विचारा. तोही जिन्याजवळ नको.

घर एक खोली-स्वयंपाकघर आहे. रॅक ठेवायला जागाच नाही.

कुंभारीच्या रे नगरसारख्या वसाहतीत हा खरा प्रश्न आहे. असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा तो प्रकल्प, त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झालं. घर स्वतःचं झालं, पण तीनशे चौरस फुटांच्या आसपास जागेत पाच माणसांच्या चपला ठेवायच्या कुठे?

दाराच्या मागच्या बाजूला खिशांची कापडी पिशवी टांगा. जुन्या जीनच्या पायाचे खिसे शिवून घरीसुद्धा होते. खालच्या खिशात मुलांच्या, वर मोठ्यांच्या. दुसरा उपाय कडू आहे: चपलांची संख्या कमी करा. फाटलेली, ‘पुढे-मागे लागेल’ म्हणून ठेवलेली जोडी आधी काढा. घरात विड्या वळत असाल तर बसायची जागा दारापासून लांबच्या भिंतीला ठेवा.

कोल्हापुरी चपलांची काळजी कशी घ्यायची?

आधी एक गोष्ट: कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे आणि त्यात महाराष्ट्राचे जे चार जिल्हे आहेत, कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर, त्यात आपलं नाव आहे. कर्नाटकातलेही चार जिल्हे आहेत. म्हणजे ही चप्पल काही परक्या गावची नाही.

हे चामडं वनस्पतींच्या सालींनी कमावलेलं असतं, पाणी त्याला सोसत नाही. म्हणून दाराबाहेर पावसात सोडू नका आणि धुण्याच्या भानगडीत पडू नका. कोरड्या ब्रशने माती झाडायची, अधूनमधून तेलाचा हात फिरवायचा, सावलीत ठेवायची. भिजलीच तर कागदात गुंडाळून वाऱ्यावर वाळवा, उन्हात किंवा गॅसजवळ नको, वाकडी होते.

पावसाळ्यात काळी माती चपलेला ढेकळासारखी चिकटते. त्याला काय करावं?

ओली असताना खरवडू नका, पसरते. चप्पल बाहेरच कोपऱ्यात उभी करून ठेवा. सकाळपर्यंत माती वाळते, दोन चपला एकमेकींवर आपटल्या की खपल्या पडतात. दारात काथ्याचं खरबरीत पायपुसणं आणि आत सुती, असं दुहेरी ठेवलं की उरलेलं काम होतं. आपल्याकडचा पाऊस तसा बेताचाच, त्यातही सप्टेंबरमध्येच खरा जोर, तेव्हा ही कटकट महिना-दीड महिन्याचीच.

बूट काढले की मोज्यांचा वास येतो. पाहुण्यांत लाज वाटते.

घामाला स्वतःचा फारसा वास नसतो, घामावर जगणारे जिवाणू तो करतात. मोजे रोज बदला, सुती घाला, आणि एकच बूट रोज न घालता दोन जोड आलटून पालटून वापरा, म्हणजे प्रत्येकाला वाळायला एक दिवस मिळतो. ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. बोटांच्या बेचक्यांत पांढरं, ओलसर, खाजणारं दिसलं तर त्या चिखल्या आहेत. पावडर मारून लपवू नका, बुरशीचं मलम लावा, आणि तुमची घरातली चप्पल दुसऱ्याला देऊ नका.

चप्पल उलटी पडली की घरात भांडण होतं म्हणतात. शनिवारी चप्पल चोरीला गेली की साडेसाती जाते, हे खरं का?

उलटी चप्पल सरळ करून ठेवा, कारण तळाची घाण वर येते आणि दुसऱ्याच्या पायाला लागते. भांडण त्यावरूनच होत असेल. साडेसातीचं म्हणाल, तर सिद्धेश्वरांच्या देवळाबाहेर गड्डा यात्रेच्या गर्दीत जिची नवी चप्पल गेली तिला कुणीतरी हे वाक्य ऐकवतंच. त्याने तेवढंच समाधान. देवळात जुनी चप्पल घालून जावं.

दवाखान्यात आणि दुकानात काय करावं?

कापडाच्या दुकानात गादीवर बसणार असाल तर चप्पल काढा, उभ्याने घेणार असाल तर प्रश्न नाही. दवाखान्यात ‘चपला बाहेर काढा’ अशी पाटी असते, पण पायाला जखम किंवा शुगर असेल तर काउंटरवर तसं सांगून घालूनच आत जा. समजूतदार डॉक्टर कधी अडवत नाहीत.

पायपुसणं कुठलं घ्यावं आणि किती दिवसांनी धुवावं?

विकत कशाला घ्यायचं? सोलापुरात चादर फाटते पण मरत नाही. आधी ती पांघरायची असते, मग अंथरायची, मग इस्त्रीखालची, आणि शेवटी चार घड्या घालून कडेने दोरा मारला की पायपुसणं. जकार्डची नक्षी तोवर विटलेली असते, पण सूत जाड असल्याने पाणी चांगलं टिपतं. अशी दोन करा, एक वापरात आणि एक दोरीवर. उन्हाळ्यात आठवड्याने, पावसाळ्यात दोन-तीन दिवसांनी धुवा. धुण्याआधी गच्चीवर नेऊन आपटा, खाली कुणी उभं नाही ना ते बघून. नळाला पाणी यायच्या दिवशी सगळ्यात शेवटी भिजत घाला, धुण्याच्या उरलेल्या साबणाच्या पाण्यात.